काटा खाली आला की आधी इंजिन बंद करा

मृगाचा पाऊस धरला की गडहिंग्लज-चंदगड रस्त्यावरच्या नेसरीच्या पट्ट्यात वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम राहत नाही. वाऱ्याने फांदी तारेवर येते, डांबाचा इन्सुलेटर फुटतो, आणि चिखलपाण्यातून वायरमन येऊन पोचेपर्यंत रात्र निघून जाते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये महापूर आला, तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांनी दिवसचे दिवस अंधारात काढले. त्याआधी 2005 नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने सगळ्यांनाच रडवले होते. म्हणून ज्यांच्याकडे कोंबड्यांची शेड आहे, काजूचा छोटा कारखाना आहे, गिरणी आहे, किंवा घरात आजारी माणसासाठी यंत्र चालू ठेवावे लागते, त्यांनी पदरमोड करून जनरेटर घेऊन ठेवला आहे.

जनरेटर घेताना आपण किती के.व्ही.ए.चा, किती डिझेल खातो, आवाज किती करतो हे सारे विचारतो. पण त्याच्या पॅनेलवर एक लहानसे घड्याळ असते, किंवा ऑइलच्या कॅनचे चित्र असलेला तांबडा दिवा असतो, त्याकडे सहसा कोणी बघत नाही. डिझेल संपले तर इंजिन थांबते आणि डिझेल घातले की पुन्हा चालते. पाणी तापले तरी वाफ दिसते, वास येतो, माणूस सावध होतो. ऑइलचा दाब गेला तर मात्र इंजिन पहिले काही क्षण नेहमीसारखेच चालत राहते, आणि तेवढ्यात त्याच्या पोटात व्हायचे ते नुकसान होऊन जाते.

दाब कशासाठी लागतो

डिझेल इंजिन आपल्याकडे नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. पुढे 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. विहिरीवरचे इंजिन हा तेव्हापासून आपल्या घरातलाच गडी झाला. त्या काळच्या संथ इंजिनांपैकी पुष्कळांत ऑइल उडवूनच भागत असे. क्रँकचा फेरा होताना खालचे ऑइल वर शिंपडले जाई. आजच्या जनरेटरचे डिझेल इंजिन बहुधा मिनिटाला 1500 फेरे घेते. आपल्या विजेचे सेकंदाला 50 हेलकावे नेमके राहावेत म्हणून हा वेग ठरलेला असतो. एवढ्या वेगाला आणि भाराला नुसते शिंपडणे पुरत नाही.

म्हणून खालच्या चेंबरमधले ऑइल जाळीतून गाळून एक लहान पंप उचलतो, फिल्टरमधून पुढे ढकलतो, आणि ते क्रँकच्या मेन बेअरिंगांत जाते. तिथून क्रँकच्या आतच पाडलेल्या भोकांतून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला मिळते. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये केसाएवढीही जागा नसते. त्या फटीत ऑइलचा पातळ थर असतो आणि क्रँक त्या थरावर तरंगत फिरतो. धातूला धातू लागता कामा नये. लागला की बेअरिंगचा मऊ धातू वितळतो, क्रँकला चिकटतो, आणि इंजिन जाम होते. कधी कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग दुरुस्ती उरत नाही, भंगाराचा भाव उरतो.

एक गोष्ट इथेच ध्यानात घ्या, म्हणजे पुढचे सोपे जाईल. पंप दाब निर्माण करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. दाब येतो तो वाट अरुंद असल्यामुळे. उसाला पाणी देताना पाइपाच्या तोंडावर बोट दाबले की धार लांब जाते आणि बोट काढले की पाणी पायाशी पडते, तसेच हे आहे. बेअरिंगे झिजून फट वाढली की ऑइल भसाभस गळून खाली चेंबरमध्ये पडते आणि दाब उतरतो. पाइपलाइनचे चार जोड फुटले की शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही, त्यातलाच प्रकार. म्हणजे दाब कमी दिसला तर कारण तीन ठिकाणी शोधायचे. ऑइल कमी आहे का किंवा पातळ झाले आहे का? पंपापर्यंत आणि पंपातून ते नीट जाते का? की पुढची वाट सैल झाली आहे?

इंजिन गरम झाल्यावर पूर्ण वेगाला बहुतेक डिझेल इंजिनांत दाब 2 ते 4 किलोच्या आसपास असतो. घड्याळ पौंडांचे असेल तर साधारण 30 ते 60. तुमच्या इंजिनाचा खरा आकडा त्याच्या पुस्तकात आहे. पण त्याहून मोलाचा आकडा म्हणजे तुमचे इंजिन चांगले असताना काटा कुठे उभा राहत होता तो. आज जनरेटर ठीक चालत असेल तर अर्धा तास भार देऊन चालवा आणि काचेवर काट्याच्या जागी रंगाची बारीक खूण करा. पुढे कधी काटा खुणेखाली दिसला तर घरातल्या शाळकरी पोरालाही कळेल.

दिवा लागला तर

आधी बंद करा. बल्ब जाईल, टीव्ही बंद पडेल, पाहुणे अंधारात बसतील, तरी बंद करा. भार काढून वेग कमी करून बघू, एवढे पीठ दळून घेऊ, मालक येईपर्यंत चालू दे, असे म्हणू नका. संथ वेगाला तर पंप आणखीच कमी ऑइल देतो. बंद करायचे ते डिझेल तोडणाऱ्या स्टॉप लिव्हरने, आणि पॅनेल असेल तर तांबड्या बटणाने. काही जण डिकॉम्प्रेशनची दांडी उचलून इंजिन थांबवतात. ती सवय वाईट. तिने व्हॉल्व्हला मार बसतो.

दिवा लागतो तेव्हा जनरेटरजवळ कोण असते, याचा विचार करा. घरधनी बहुधा रानात किंवा गावाला गेलेला असतो. घरात असते ती बाई, म्हातारी माणसे आणि मुले. म्हणून स्टॉप लिव्हर कुठे आहे आणि तो कुणीकडे ओढायचा हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला हाताने करून दाखवा. नुसते सांगितलेले संकटात आठवत नाही. लिव्हरला तांबडा रंग लावा.

नव्या जनरेटरांत दाब उतरला की इंजिन आपोआप बंद पडण्याची सोय असते, आणि इथेच एक घातक चाल रूढ झाली आहे. लग्नाच्या मांडवात किंवा ऐन कामात जनरेटर वारंवार बंद पडू लागला की कोणीतरी हुशार माणूस त्या दाबाच्या स्विचची वायर काढतो किंवा दोन वायरी जोडून टाकतो. इंजिन चालू राहते आणि सगळे त्याची पाठ थोपटतात. राखणीचे कुत्रे भुंकते म्हणून त्याचे तोंड बांधण्यासारखे हे आहे. स्विच खरोखर बिघडला असेल तर नवा बसवा. स्वतंत्र घड्याळाने दाब मोजून खात्री करून घेतल्याशिवाय स्विचला खोटा ठरवू नका.

आता पाहणी

इंजिन थांबल्यावर दहा मिनिटे थांबा. वर गेलेले ऑइल खाली उतरू द्या, हातही भाजणार नाही. मग डिपस्टिक काढा, स्वच्छ फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण घाला आणि काढून बघा. जनरेटर सपाट जागी असला पाहिजे. अंगणाच्या उतारावर एका बाजूला दगड देऊन ठेवलेल्या जनरेटरची पट्टी कधी खरे सांगणार नाही.

ऑइल खालच्या खुणेखाली असेल तर त्याच ग्रेडचे ऑइल वरच्या खुणेपर्यंत घाला आणि इंजिन सुरू करून काट्याकडे बघा. काही सेकंदांत काटा चढला तर निम्मे काम झाले. निम्मेच, कारण गेलेले ऑइल कुठे गेले हा प्रश्न राहतोच. खाली डाग पडला आहे का? धुराड्यातून निळसर धूर येतो का? निळा धूर म्हणजे रिंगांवाटे ऑइल जळते आहे. ते इंजिन लवकरच मेस्त्रीकडे जाणार, तोवर त्याची पट्टी रोज बघायची.

ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसले तर पुष्कळांना बरे वाटते. मी म्हणेन, ते कमी असण्याहून अधिक काळजीचे. ऑइल आपोआप वाढत नाही. त्यात एक तर डिझेल मिसळले आहे, नाहीतर पाणी. पट्टीवरचा थेंब बोटांत चोळा आणि वास घ्या. डिझेलचा वास आला आणि थेंब पाण्यासारखा पातळ लागला तर नोझल गळते आहे किंवा डिझेल पंपातून डिझेल खाली उतरते आहे. जुन्या वर्तमानपत्रावर एक थेंब टाकून ठेवा. काळ्या ठिपक्याभोवती फिकट ओलसर कडे दूरवर पसरले तर डिझेलचा संशय घ्यावा. असे पातळ ऑइल बेअरिंगाच्या फटीत टिकत नाही आणि काटा खाली येतो.

डिझेल मिसळण्याचे आणखी एक कारण आपल्या घरांत फार आढळते, ते म्हणजे गरजेपेक्षा मोठा जनरेटर. दहा के.व्ही.ए.चा घ्यायचा आणि त्यावर चार दिवे आणि एक पंखा चालवायचा. भार नसलेले इंजिन पुरेसे तापत नाही, सगळे डिझेल नीट जळत नाही, आणि न जळलेले डिझेल लायनरच्या भिंतीवरून रिंगांच्या कडेने चेंबरमध्ये झिरपते. धुराड्याच्या तोंडाशी काळे ओशट पाणी दिसते ते याचेच लक्षण. जनरेटर चालवून बघायचा असेल तेव्हा त्यावर निदान तिसरा हिस्सा तरी भार टाका. पाण्याची मोटर किंवा हीटर लावा. रिकामा चालवून तपासल्याचे समाधान मिळते, इंजिनाचे भले होत नाही.

पाणी मिसळले असेल तर ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात हेड गॅस्केट गेले असेल किंवा लायनरच्या खालच्या रबरी रिंगा गेल्या असतील. पुरात जनरेटर बुडाला असेल तर ऑइल बघायचीही गरज नाही, आत पाणी आहेच असे धरून चाला. अशा इंजिनाला हँडल मारू नका, सेल्फ लावू नका. खालचा बोल्ट हळू सैल करा. पाणी जड म्हणून आधी ते येते, मागून ऑइल येते. सगळे काढून, फिल्टर बदलून, स्वस्त पण चांगल्या ऑइलने चेंबर धुऊन, मग नवे ऑइल भरायचे. डिझेलची टाकी, हवेचा फिल्टर, सिलिंडर आणि विजेचा भाग हे मेस्त्रीने आणि वायरमनने बघितल्याशिवाय चालू करायचे नाही.

ऑइलची पातळी ठीक, रंग ठीक, वास ठीक, आणि तरी काटा खाली. आता पाळी काट्याची. घड्याळाकडे जाणारी तांब्याची बारीक नळी मळाने तुंबते, थरथरीने चिरते. वायरीवर चालणाऱ्या घड्याळाचे टोक गंजते. मेस्त्रीकडून चांगले घड्याळ आणून दाबाच्या स्विचच्या जागी बसवा आणि काही क्षण चालवून बघा. तेही नसेल आणि इंजिन हँडलचे असेल, तर स्टॉप लिव्हर बंदच्या बाजूला धरून ठेवायला एकाला सांगा, घड्याळाची नळी थोडी सैल करा आणि हँडलने इंजिन फिरवा. नळीच्या तोंडाशी ऑइल पाझरले तर निदान पंप ऑइल उचलतो आहे एवढे कळते. दाब किती, ते मात्र घड्याळच सांगेल.

दाब खरोखरच कमी असेल तर

इथून पुढे मेस्त्रीचे काम. पण त्याला नीट माहिती दिली तर त्याचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतात. सर्वांत मोलाची माहिती ही की दाब एकदम गेला की हळूहळू गेला. काल काटा खुणेवर होता आणि आज शून्याजवळ, तर बेअरिंग एका रात्रीत झिजत नाही. मग जाळी तुंबली असेल, आतला पाइप सैल होऊन पंप हवा ओढत असेल, पंपाचा गिअर सरकला असेल, किंवा रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला असेल. हा व्हॉल्व्ह म्हणजे स्प्रिंगवर बसलेली गोळी किंवा दट्ट्या. दाब फार वाढला की तो उघडतो आणि जादा ऑइल परत खाली सोडतो. त्याच्या बैठकीवर एक कण अडकला तरी तो उघडाच राहतो. काढून साफ केला की काम होते.

याच व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे वायसर घालून काटा वर आणून देणारे कारागीर आहेत. बैठक खराब असेल किंवा स्प्रिंग मेली असेल तर नवी घालणे बरोबर. पण झिजलेल्या बेअरिंगवर हा इलाज म्हणजे ताप मोजायचे थर्मामीटर गार पाण्यात बुडवण्यासारखा. तसेच जाड ऑइल घालण्याचे. पंधरा-चाळीसच्या जागी त्याहून जाड ऑइल घातले की काटा वर दिसतो खरा, पण थंड इंजिनात ते वरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि सुरुवातीचे क्षण बेअरिंग कोरडे फिरते. इंजिनाची सगळ्यात जास्त झीज सुरू होतानाच होते. पुस्तकात जो ग्रेड लिहिला आहे तोच घाला.

जाळी तुंबते कशाने, याचे उत्तर ऐकून कोणाला हसू येईल. मागच्या वेळी इंजिन उघडले तेव्हा पुसायला वापरलेल्या सुताच्या बोळ्याचे धागे आत राहतात. चेंबरचे झाकण लावताना डिंकासारखा सिलिकॉन सढळ हाताने फासतात आणि आतल्या बाजूला आलेला त्याचा दोरा तुटून जाळीवर जाऊन बसतो. इंजिन उघडले असेल तेव्हा समोर बसा, सुती फडके द्या, आणि झाकण लावण्याआधी आत एकदा बॅटरी मारून बघा. मेस्त्रीला राग येणार नाही. चांगला मेस्त्री स्वतःच दाखवतो.

थंड इंजिनात काटा खुणेवर, तासाभराने गरम झाल्यावर खाली, आणि असे महिनोन्महिने थोडे थोडे वाढत आलेले, त्यात भार पडला की खालून ठोके ऐकू येतात. ही लक्षणे बेअरिंगाची. अशा वेळी क्रँक बाहेर काढून मापून घ्यावा लागतो. झीज थोडी असेल तर नवी बेअरिंगे घालून भागते. क्रँकला ओरखडे असतील किंवा तो लंबगोल झाला असेल तर ग्राइंडिंग करून एक साइज लहान करायचा आणि त्या मापाची बेअरिंगे घालायची. साइजा पाव-पाव मिलिमीटरच्या असतात. हे काम मापाचे आहे, अंदाजाचे नाही. आपल्या जिल्ह्याचे भाग्य असे की कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात यंत्रकामाचे जाणते हात पिढ्यानपिढ्या आहेत. क्रँक घेऊन जाल तेव्हा ग्राइंडिंगनंतरचे माप कागदावर लिहून मागा, आणि क्रँकमधली ऑइलची भोके धुऊन हवेने साफ केली का ते विचारा. ग्राइंडिंगची पूड त्या भोकांत राहिली तर नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब होते.

लहान पेट्रोल जनरेटर असेल तर

हातात उचलून नेता येणारा पेट्रोल जनरेटर ज्यांच्या घरी आहे, त्यांनी वरचे सारे वाचून घड्याळ शोधायला जाऊ नये. मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या या यंत्रांपैकी बहुतेकांत ऑइलचा पंपच नसतो, ऑइल शिंपडले जाते. त्यातला इशाऱ्याचा दिवा दाब नव्हे, ऑइलची पातळी बघतो. यंत्र उतारावर ठेवले तरी तो लागतो आणि इंजिन बंद पडते. आधी सपाट जागी ठेवा, मग ऑइल बघा. त्यात ऑइल जेमतेम अर्धा-पाऊण लिटर मावते, त्यामुळे थोडे कमी झाले तरी पुष्कळ कमी होते.

जनरेटर कोणताही असो, पाऊस आहे म्हणून तो घरात, पडवीत किंवा गोठ्यात घेऊ नका. त्याच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपलेले माणूस उठत नाही. बाहेर पत्र्याचा आडोसा करा. आणि चेंजओव्हर स्विचशिवाय घराच्या वायरिंगला जोडू नका. तुमची वीज उलटी तारेवर गेली तर डांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

ऑइल कधी बदलायचे

रोज चालणाऱ्या इंजिनाला तासांचा हिशेब असतो. पुष्कळ पुस्तकांत 200 ते 250 तास लिहिलेले असतात, जुन्या बांधणीच्या इंजिनांना त्याहून कमी. पण घरचा जनरेटर वर्षात चाळीस तासही चालत नाही, आणि मग तीन-तीन वर्षे तेच ऑइल राहते. ते चूक. उभ्या इंजिनात ओल धरते, जुन्या ऑइलात आम्ल तयार होते आणि ते बेअरिंगाला खाते. तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर बदलावे. आपल्याकडे वैशाखात, मृगाच्या आधी बदलले की सगळा पावसाळा नव्या ऑइलावर जातो. बदलताना इंजिन थोडे चालवून कोमट करावे म्हणजे तळचा गाळही निघतो. काढलेले ऑइल पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात हलवून बघा. चमचमणारे धातूचे कण दिसले तर ते ऑइल बाटलीत भरून मेस्त्रीला दाखवा.

मोटरच्या दुकानात सुट्या कॅनमधले स्वस्त ऑइल मिळते, तेच नव्या लेबलात भरलेलेही असू शकते. सील बघून, पावती घेऊन घ्या. रिकामा डबा फेकताना त्याला खिळा मारून भोक पाडा, म्हणजे कोणी तो पुन्हा भरणार नाही. जुने ऑइल ओढ्यात किंवा विहिरीच्या कडेला ओतू नका. आपल्या ओढ्यांचे पाणी घटप्रभेलाच मिळते आणि खालची गावे ते पितात. डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्या, ते गोळा करणारे लोक येतात.

फिल्टर बदलल्यावर किंवा इंजिन उघडून जोडल्यावर पहिल्यांदा सुरू करताना घाई नको. नव्या फिल्टरात शक्य असेल तर थोडे ऑइल ओता, रबराला बोटाने ऑइल लावा आणि हाताने आवळा. स्टॉप लिव्हर बंद धरून काट्यात हालचाल दिसेपर्यंत इंजिन फिरवा. सेल्फ असेल तर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त लावू नका. मगच डिझेल सोडा. सुरू झाल्यावर एकाने काट्याकडे बघत उभे राहायचे आणि हात लिव्हरवर ठेवायचा. दहा सेकंदांत काटा चढला नाही तर बंद. चढला तर फिल्टरच्या आणि बोल्टच्या कडेने बोट फिरवून गळती बघा, बंद करून पट्टी पुन्हा तपासा, कारण फिल्टरने थोडे ऑइल घेतलेले असते. तेवढे भरा, आणि तारीख व तासांचा आकडा जनरेटरच्या झाकणावर आतल्या बाजूने रंगाने लिहून ठेवा.